२८ मेला अंदमान, आणि छत्री सूटकेसच्या तळाशी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत अंदमानवर पानभर मजकूर आला होता. फोटो झकास होते, निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेलं एक झाड, आणि खाली टूरवाल्यांच्या जाहिराती. मी ते पान दोनदा वाचलं आणि त्यात पाऊस हा शब्द मला एकदाही सापडला नाही. आम्ही नवरा-बायको नुकतेच तिकडे सहा दिवसांसाठी जाऊन आठ दिवसांनी परत आलोय, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री चालवा, फक्त तारखांचा भाग तेवढा ठेवा.

तर आमचं लग्न २८ मेचं. मराठी घरात ही तारीख दुसऱ्याच कारणाने पाठ असते, स्वातंत्र्यवीर सावरकरांची जयंती. सासरे होते तेव्हा दरवर्षी आधी फोटोला हार आणि मग आम्हाला आशीर्वाद असा क्रम असायचा. यंदा तीस वर्षं झाली म्हणून ह्यांनी ठरवलं की २८ तारखेला सेल्युलर जेलमध्येच जाऊन उभं राहायचं. असं ठरवणारे आपण एकटेच असं आम्हाला वाटत होतं, पण कोलकात्याला विमान बदललं तर पुढच्या रांगेत नागपूर, मागच्या रांगेत नाशिक, आणि एक पुण्याच्या काकू भाकरवडी वाटत होत्या. सुट्ट्या असतात, तारीख मनाची असते, त्यामुळे आपली माणसं नेमकी याच आठवड्यात तिकडे जातात आणि टूरवाल्यांना हे चांगलं माहीत असतं.

आता गंमत बघा. मान्सून अंदमानात येतो साधारण २० ते २२ मेच्या सुमाराला. केरळात १ जून हे आपल्याला शाळेपासून पाठ, पण त्याच्या आठ-दहा दिवस आधी तो अंदमानात पोचतो हेही काही गुपित नाही, दरवर्षी आपल्याच पेपरात येतं, 'मान्सून अंदमानात दाखल', आणि आपण ते किती हौसेने वाचतो कारण इंदूर तेव्हा तव्यावर ठेवल्यासारखं झालेलं असतं. मी पण वाचली ती बातमी, बॅग भरता भरता वाचली, ह्यांना ओरडून सांगितली सुद्धा की अहो ऐकलं का, आला बरं का पाऊस, आता आपल्याकडे पंधरा-वीस दिवस. ज्या अंदमानात तो दाखल झालाय तिथेच आपण परवा चाललोय हे माझ्या डोक्यात आलं नाही आणि ह्यांच्याही नाही. छत्री घेतली ती सवयीने, आणि ती सूटकेसच्या अगदी तळाशी.

बुकिंग करताना मी विचारलं होतं हो. टूरवाला म्हणाला, "मॅडम, हलकीशी रिमझिम असते, कपल्सना तर आवडतं." आमची वयं बघून हे बोलला हे विशेष. इंदूरचा वर्षाचा कोटा साधारण ३७-३८ इंच, तेवढा झाला की यशवंत सागर भरतं आणि आपण खूश. तिथे पडतो वर्षाला ३००० मिलीमीटर, म्हणजे जवळपास १२० इंच, आपल्या तिप्पट. शिवाय तिथे एक नाही दोन मान्सून, मेपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येकडून आणि मग ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येकडून. खरे कोरडे म्हणता येतील असे महिने जानेवारी ते एप्रिल. डिसेंबर म्हणजे सीझन असं समजून जाणाऱ्यांनी २०१६ आठवावं, जे वादळ नंतर वरदा नावाने चेन्नईवर जाऊन आदळलं त्याच्या आधी हजाराहून जास्त पर्यटक हॅवलॉक बेटावर अडकले होते आणि नौदलाला जहाजं पाठवावी लागली होती.

जेलबद्दल लिहायलाच हवं. २८ तारखेला सकाळी गेलो तेव्हा पाऊस असा होता की अंगणातून समोरची विंग दिसेना. मधला बुरूज आणि त्याच्याभोवती सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात विंग, १८९६ ला बांधायला घेतलं आणि १९०६ ला पुरं झालं, आज त्यातल्या तीनच उभ्या आहेत. एका विंगचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला दुसरा माणूस दिसायलाच नको. गाईडने दाराची कडी दाखवली, ती दारावर नाहीच, बाजूच्या भिंतीत लांब एक खोबण आहे तिच्यात जाऊन बसते, आतून कितीही हात बाहेर काढला तरी पोचत नाही. ह्यांनी आत जाऊन गजातून हात घालून बघितला. नाही पोचला. मग एका नाशिककर मुलाने बघितला, त्याचे हात चांगले लांब होते, तोही नाही पोचला. सावरकरांच्या कोठडीपुढे तिसऱ्या मजल्यावर ही गर्दी, हार, आणि पाऊस गॅलरीत आडवा येत होता, सगळ्यांच्या चपला भिजलेल्या आणि मोबाईल पदराखाली. १९११ ला आणलं त्यांना इथे आणि १९२१ पर्यंत ठेवलं, थोरले भाऊ बाबाराव आधीपासून त्याच जेलमध्ये. हे सगळं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, कोलू, काथ्या, दंडाबेडी. पण वर्षातले सात-आठ महिने हा असा पाऊस वरून कोसळत असायचा आणि उंचावरच्या झरोक्यातून तेवढाच काय तो कळायचा, हे मला तिथे भिजल्याशिवाय सुचलं नसतं. कोरड्या फेब्रुवारीत आलो असतो तर जेल नीट दिसलं असतं, फोटो चांगले आले असते, पण हे नसतं कळलं. संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो पावसामुळे रद्द झाला त्याचं मला तरी काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी हॅवलॉक. २०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, आणि जेल आणि विमानतळ आहे त्या पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम, पण जेट्टीवर ओरडणारे अजून हॅवलॉक हॅवलॉकच ओरडतात म्हणून मीही तेच लिहिते. दीड-दोन तासांची बोट, एसी, विमानासारख्या खुर्च्या, आणि सुटल्यावर वीस मिनिटांत सगळी बोट कागदी पिशव्यांत तोंड घालून. आमचे हे बोटीत चढण्याआधी मला म्हणाले होते की गोळी कशाला, मी काय कधी बसलो नाही का बोटीत. बसले होते, महेश्वरला, नर्मदेत.

तिथली एक गोष्ट पुरवणीत यायला हवी होती. बेटाला दोन बाजू असतात हो! नैऋत्येचा वारा सुरू झाला की पश्चिमेच्या किनाऱ्यावर लाटा आपटतात आणि पूर्वेची बाजू त्या मानाने शांत राहते, हिवाळ्यात ईशान्येचा वारा आला की उलट. फोटोत जो असतो तो राधानगर बीच पश्चिमेला, एलिफंट बीच, जिथे पाण्याखालचे सगळे खेळ असतात, तोही त्याच अंगाला वायव्येला. आमच्या पॅकेजमध्ये मेच्या शेवटी दोन्ही दिवस तिथलेच. पहिल्या दिवशी राधानगरला लाल झेंडा, लाइफगार्ड शिट्टी मारून सगळ्यांना मागे हाकलतोय, दुसऱ्या दिवशी एलिफंट बीचच्या बोटीच बंद. शेवटी रिक्षावाला म्हणाला, "आंटी, सात नंबर अभी गुस्से में है, पाँच नंबर चलो." सात नंबर म्हणजे राधानगर, आणि पाच नंबर म्हणजे पूर्वेचा विजयनगर बीच, तिथे गुडघाभर पाणी, लाट जवळजवळ नाही, वरून पाऊस, आणि समुद्राचं पाणी कोमट. अंगावर पडणारं गार आणि पायाला लागणारं ऊन. मी तास-दीड तास पाण्यातून हललेच नाही. रिक्षावाल्याला जे कळतं ते पॅकेज करणाऱ्याला कळत नसेल असं मी तरी मानत नाही.

आणि अंधार. घड्याळ आपलंच पण बेट इंदूरच्या इतकं पूर्वेला की पहाटे पाचला लख्ख आणि संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला दिवस संपला, आपल्याकडे त्या दिवसांत सातला सूर्य असतो. ढग असले की पाचलाच दिवे लावायचे. 'संध्याकाळी बीचवर निवांत वेळ' असं पॅकेजमध्ये छापलेलं, तो निवांत वेळ आम्ही रूममध्ये मच्छर मारत घालवला.

३१ ला दुपारी परतीची बोट आणि १ जूनला सकाळचं विमान. मधे एक रात्र, बस. ३१ ला बोट रद्द. १ ला रद्द. जेट्टीवर शंभर-दीडशे माणसं बॅगांवर बसलेली आणि खिडकीमागचा माणूस एवढंच सांगतोय की समुद्र खराब आहे, कल देखेंगे. त्याचं काही चूक नाही, लाटा आम्हाला दिसत होत्या. विमान गेलं. रिसॉर्टवाल्याने सांगितलं की पॅकेज संपलं, आता रूमचा रेट दुप्पट. नेटवर्क दिवसातून दोन-तीनदाच यायचं, त्यामुळे मोबाईलवरून पैसे जाईनात, एटीएमसमोर रांग, आणि आमच्याकडे रोख उरलेली चार हजार.

मग त्याच रिक्षावाल्याने आम्हाला त्याच्या ओळखीच्या एका बंगाली घरी नेलं, दोन खोल्या भाड्याने देतात. तिथल्या बौदीच्या (बंगालीत बौदी म्हणजे वहिनी) आजोबांना पन्नासच्या दशकात पूर्व बंगालमधून आणून इथे वसवलेलं, घराभोवती सुपारी आणि नारळ, पत्र्याचं छप्पर. त्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला की बोलणंच बंद करावं लागायचं, जे बरंच झालं, कारण पहिल्या दिवशी आम्ही सकाळपासून कडकडून भांडत होतो, बुकिंग कोणी केलं, शेवटचा एक दिवस कोणी वाचवला, गोळी कोणी घेतली नाही. तीस वर्षांत आम्ही दोघं कामाशिवाय सलग दोन दिवस एका खोलीत बसलेलोच नव्हतो हे तेव्हा लक्षात आलं. दुपारी बौदीने खिचुडी केली, मुगाची डाळ आधी कढईत खरपूस भाजून, भरपूर आलं घालून, सोबत वांग्याचे तळलेले काप. पावसात बंगाली लोक हेच खातात म्हणे, जसं आपण अशा वेळी भजी नाहीतर भुट्ट्याचा कीस. ह्यांनी बॅगेतून जीरावन मसाल्याचा डबा काढला (इंदूरचा माणूस जगात कुठेही जावो, तो डबा बरोबर असतो) आणि विचारून खिचुडीवर भुरभुरवला. तिने एक घास खाल्ला, काही बोलली नाही, आणि डबा आपल्या ताटाजवळ ओढून घेतला. रात्री लाइट गेले होते, आम्ही छत्री घेऊन किनाऱ्यापर्यंत गेलो, हे पुढे आणि मी मागे, तर ह्यांचा पाय पाण्यात पडला की तिथे निळसर ठिणग्या उठत होत्या. पाण्यातले अगदी बारीक जीव असतात, पाणी हललं की चमकतात, गच्च ढग आणि चंद्र नसला की जास्त दिसतं. हे कुठल्याच पॅकेजमध्ये नव्हतं. मी मुद्दाम सांगतेय कारण वाचणाऱ्यांना वाटेल बाई नुसती रडतेय.

२ तारखेला बोट सुटली. दोघांची नवी तिकिटं २७,४०० रुपये. टूरवाल्याला फोन केला तर म्हणाला, "निसर्गापुढे कोणाचं चालतं का मॅडम?" बोट रद्द झाली हे निसर्गाचं, मान्य, त्याचं मी एक शब्दानेही बोलले नाही. पण मान्सून येऊन आठवडा झालेल्या समुद्रावर शेवटची बोट आणि विमान यांच्यात एकच रात्र ठेवायची हा निसर्ग नाही, ते त्याने ऑफिसात बसून कागदावर केलंय, एक रात्र कमी केली की पॅकेज स्वस्त दिसतं म्हणून. एलिफंट बीचचे पैसे आगाऊ घेतलेले, तेही परत नाहीत, म्हणे पावतीच्या मागे बारीक अक्षरात आहे. आहे खरंच, मी भिंगाने वाचलं. आता राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवलीय, बघू काय होतं ते.

माझं म्हणणं पावसात जाऊ नका असं मुळीच नाही. जा, पण लांबची बेटं आधी करा आणि पोर्ट ब्लेअर शेवटी ठेवा, म्हणजे बोट एक-दोन दिवस अडकली तरी विमान चुकणार नाही. रोख जास्त न्या. गोळी बोटीत चढण्याच्या आधी घ्या, नंतर तिचा काही उपयोग होत नाही. आणि आपल्याला एक विनंती, अशी पानं छापाल तेव्हा कोपऱ्यात चार ओळींची चौकट द्या, कुठल्या महिन्यात किती पाऊस, वारा कुठल्या बाजूने, बोटी कधी बंद पडतात. आकडे हवामान खात्याकडे असतात, आणि मान्सून अंदमानात पोचल्याची बातमी तर तुम्ही स्वतःच छापता, तीच रविवारच्या पानावर परत छापायला काय हरकत आहे? जाहिरातवाले नाराज होतील थोडे, होऊ द्या.

घरी आलो तेव्हा इंदूरला अजून थेंब नव्हता. गच्चीवर दोन दोऱ्या बांधून सगळे कपडे वाळत घातले, ह्यांच्या चामड्याच्या सँडलला हिरवी बुरशी आलेली ती कठड्यावर ठेवली. शेजारच्या वहिनी खालून बघून म्हणाल्या, तिकडे फारच पाऊस होता वाटतं, थोडा इकडे तरी आणायचा.

आपली,
एक जुनी वाचक
लोकमान्य नगर, इंदूर

ता. क. - पत्र लिहून झालं आणि बौदीचा फोन आला. तिथे पाऊस चालूच आहे, बोटी परवापासून पुन्हा बंद, आणि जीरावन संपत आलंय.