वीज घरावर पडली, दोष लेकराला कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात वळवाच्या पावसात आमच्या घरावर वीज पडली. सगळे घरातच होतो, कुणाला काही झालं नाही हीच देवाची कृपा, पण कानात किती वेळ नुसतं सूं होत होतं. वीज छतावरच्या डिशवर पडली, केबलने आत आली आणि वायरिंग धरून अख्ख्या घरात फिरली. टीव्ही, फ्रीज, इन्व्हर्टर गेले, मीटरचा बोर्ड काळाठिक्कर. भिंतीत जिथनं वायर गेलीय तिथलं प्लास्टर सरळ रेघेत फुटून पडलं, कारण तेवढ्या उष्णतेने भिंतीतल्या ओलीची एका क्षणात वाफ होते न ती गिलावा फोडून बाहेर येते. टीव्हीचं बटण बंद होतं हो, पण पिन बोर्डातच होती, आणि बटणातली एवढीशी फट वीज सहज उडी मारून जाते. म्हणून पिना आभाळ गडगडायच्या आधीच काढा, गडगडायला लागल्यावर हात लावू नका.

पण लिहायला बसलो ते वेगळ्यासाठी. माझी पुतणी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली, नऊ वर्षांची. दुसऱ्या दिवशी बघायला आलेला प्रत्येक जण तेच बोलला, पोरगी पायाळू ना, मग पडणारच. एका बाईंनी तर तिच्या आईला सांगितलं की ढग आले की हिला मामाकडे धाडत जा. पोरगी दाराआडून ऐकत होती. आता आभाळ भरून आलं की ती गुपचूप गोठ्यात जाऊन बसते, म्हणते मी इथं बसले की घरावर नाही पडणार. गोठा म्हणजे लिंबाखालचं उघडं शेड, वीज पडताना माणसानं जिथं थांबूच नये अशी जागा!

अहो आमचं घर माळावर एकटं, त्यावर उंच लोखंडी पाइप, वीजरोधक नाही. वीज उंच, एकट्या गोष्टीला आधी गाठते, लेकरू पायाकडनं जन्मलं का डोक्याकडनं हे तिला कसं कळणार? वीजरोधक आता बसवतोय, तांब्याची पट्टी भिंतीबाहेरून खोल जमिनीत. मोबाईलवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲपपण घेतलंय.

तुमच्या पेपरात वीज पडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, तशी एक चौकट पायाळूबद्दल छापा, एखाद्या डॉक्टरांना विचारून. आमच्याकडं छापलेलं मानतात. ते कात्रण मी त्या बाईंना वाचून दाखवणार आहे, पोरीला शेजारी बसवून.

एक वाचक,
जि. बीड