मोडी लिपी शिकवणाऱ्या आमच्या सरांना, जाहीर थँक्यू

सर, तुम्ही फेसबुकवर नाही, त्यामुळे हे तुमच्या सूनबाई वाचून दाखवतील असं धरून लिहितेय.

बँकेतून रिटायर झाल्यावर जो तो म्हणायचा, आता मस्त आराम करा. आराम करून करून जीव विटला होता हो. पेपर, मोबाईल, दुपारची झोप, आणि संध्याकाळी कोणी विचारलं आज काय केलं तर सांगायला काही नाही. तुमच्या क्लासला आले ती फक्त वेळ जावा म्हणून. मुळाक्षरं पटकन जमली तेव्हा वाटलं सोप्पंय की हे, आणि मग तुम्ही पेशवाईतल्या एका पत्राची झेरॉक्स हातात ठेवलीत. अरे देवा! आधी आडवी सलग रेघ ओढलेली, तिच्याखाली बोरू जवळजवळ न उचलता सरसर लिहीत गेलेले, शब्द कुठे संपतो कळत नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घ तर विसराच.

आणि तुम्ही शब्द सांगायचा नाहीत. नुसता पेन्सिलीने एक ठिपका द्यायचात, इथे तोड म्हणून. रोज एकच ओळ, पण अडलेली सोडून पुढे पळायचं नाही. तेव्हा मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोलले असेन ते इथे लिहीत नाही.

पण त्या ओळीमुळेच मला सकाळी उठायला कारण मिळालं. चहा झाला की भिंग घेऊन बसते, भाजी फोडणीला टाकतानाही तेच अक्षर डोळ्यासमोर. 'खमस सबैन मया व अलफ' पहिल्यांदा स्वतःचं स्वतः लागलं, पाच, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली, अरबी आकड्यांत लिहायची कालगणना) 1175, त्यात 599-600 मिळवले की इसवी सन 1774-75, तेव्हा नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं होतं (ते अजून टोमणे मारतात). एवढी वर्षं आकड्यांत काढली पण बॅलन्स टॅली झाल्यावर असं कधी नाचावंसं वाटलं नाही.

2023 ला कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणारा माणूस एकदम सगळ्यांना हवासा झाला. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा कोतवाल बुकातल्या (गावाच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतल्या) पानांचे फोटो घेऊन आला. अक्षर भयंकर, शाई फुटलेली, दोन दिवस नुसती बघत बसले, पण त्याच्या पणजोबांचं नाव सापडलं. त्याच्या आईने डबाभर पुरणपोळ्या पाठवल्या, त्यातल्या निम्म्या खरं तर तुमच्या होत्या पण संपल्या.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पडलेत आणि वाचणारे मोजके, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत. तेव्हा मान डोलावली होती फक्त. आता त्या रुमालांचं टेन्शन मलाही येतं, आणि त्याबद्दल पण थँक्यू.

सध्या एका कर्जरोख्यात अडकलेय, तिसऱ्या ओळीत. मंगळवारी घेऊन येते. पेन्सिल लपवून ठेवा, ठिपकासुद्धा नकोय.