बिनपासवर्डाचा कॉम्प्युटर

सोलापूर,
रविवार, २५ जानेवारी २०२६

प्रिय बंड्या,

काय बे, फोनवर म्हणालास, "दोन ओळींत सांग की." दोन ओळींत मावणारं असतं तर माझे पंधरा दिवस गेले नसते. तुला सासऱ्यांकडचे दोन कॉम्प्युटर जोडून द्यायचेत ना, मग आमच्या घरी काय काय झालं ते सगळं वाच. यात थोडा दोष तुझाही आहे, तो पुढे येईलच.

सुरुवात मोरापासून झाली. गड्ड्याच्या जत्रेआधी एका जुन्या गिऱ्हाईकाची मयूरपंखी चादरींची ऑर्डर होती. आप्पांनी खालच्या कॉम्प्युटरवर मोराचा डोळा नीट केला. काम केवढं, तर ग्राफवरची चार घरं. पण हिने त्याच्या आदल्याच दिवशी ती फाईल पेनड्राइव्हवर घालून वर नेली होती आणि लॅपटॉपवर तिची किनार बदलत बसली होती. मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं बनवायला, म्हणजे कार्ड पंचिंगला, गेली ती हिची फाईल. किनार झकास, मोर आंधळा. मागावरून नऊ चादरी उतरल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं. आप्पांनी एक चादर मांडीवर घेतली, डोळ्याच्या जागी अंगठ्याने दोनदा चाचपलं आणि घडी घालून ठेवून दिली. एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच रात्री ठरवलं, पेनड्राइव्ह बंद. डिझाईनची फाईल एकाच जागी, आप्पांच्या कॉम्प्युटरवर, आणि हिने वरून तीच उघडायची.

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. कारण २०१३च्या दिवाळीत तू येऊन 'होमग्रुप', म्हणजे घरातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची विंडोजची सोय, करून दिला होतास. त्याचा तो वेडावाकडा पासवर्ड तू कालनिर्णयच्या पाठीमागे लिहिलेला, ते पान मी जपून ठेवलंय. माळ्यावरून काढलं, धूळ झटकली, आणि दोन्ही मशीनवर होमग्रुप शोधत संध्याकाळ घालवली. सापडणार कुठून? विंडोज ७ बरोबर आलेली ती सोय मायक्रोसॉफ्टने २०१८ साली विंडोज १०च्या १८०३ नावाच्या अपडेटमध्ये काढूनच टाकली. मधल्या काळात आपला दुसरा कॉम्प्युटर मेला होता, त्यामुळे घरात कोणाला पत्ताच नाही. बघ, हा तुझा दोष. लावून गेलास, पुन्हा फिरकला नाहीस.

दुसऱ्या दिवशी एका दुकानातल्या पोराला बोलावलं. पोरगं चुणचुणीत, पण घाईचं. आल्या आल्या दोन्हीकडची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणारा पहारेकरी, बंद केली, फोल्डर 'एव्हरीवन'ला पूर्ण मोकळा केला, आणि म्हणालं, "काका, एसएमबी वन चालू करतो, जुनी मशीन हाय ना." तिथे मी त्याचा हात धरला. एसएमबी म्हणजे विंडोजची मशीनं आपसात फायली देताना-घेताना जी बोली बोलतात ती. तिची पहिली आवृत्ती फार जुनी आणि भोकं पडलेली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच भोकातून जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्यावरची दुरुस्ती तर मार्चमध्येच आली होती, लोकांनी ती घातली नव्हती, एवढंच. आणि मुळात गरजच काय? विंडोज ७सुद्धा एसएमबीची दुसरी आवृत्ती बोलतं. पहिलीवाचून अडतं ते एक्सपीच्या जमान्यातल्या मशीनचं, आप्पांच्या मशीनवर तर विंडोज १० आहे. पोराला दोनशे रुपये आणि चहा देऊन वाटेला लावलं आणि त्याने उघडलेली सगळी दारं एकेक करून परत लावली. गंमत म्हणजे एवढं सगळं उघडूनही वरून खालचा कॉम्प्युटर दिसत नव्हताच. म्हणजे दुखणं वेगळंच होतं.

ते सापडलं ते एका चमत्कारिक गोष्टीमुळे. आप्पांच्या कॉम्प्युटरवरून लॅपटॉपला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारली, की उत्तर यायचं. लॅपटॉपवरून खाली पिंग केलं की शांतता. खालून वर रस्ता आहे आणि वरून खाली नाही, असा जिना कुठे असतो का? मग दोन्हीकडे काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून, मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारं 'आयपीकॉन्फिग' टाइप केलं. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.१५. आप्पांचा १९२.१६८.०.१०२. तिसरा आकडा बघ, एकीकडे एक, एकीकडे शून्य. तू बसशील तेव्हा पहिल्यांदा हेच कर, बाकी कशालाही हात लावू नको. (पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर त्या मशीनला कोणी पत्ता दिलेलाच नाही, त्याने स्वतःच एक लावून घेतलाय असं समज. मग वायर नाहीतर वायफाय बघायचं.)

झालं होतं असं की गेल्या वर्षी फायबरवाल्याने वरच्या मजल्यावर नवीन डबा बसवला. तो डबा स्वतःच राउटर आहे. त्यातून एक वायर खाली आणून त्याने ती आपल्या जुन्या राउटरच्या पाठीमागच्या वेगळ्या रंगाच्या भोकात, म्हणजे बाहेरचं इंटरनेट घ्यायच्या भोकात खुपसली, आणि दोन्ही वायफायना नाव एकच ठेवलं. इंटरनेट दोन्हीकडे फर्स्ट क्लास चालतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण त्यामुळे घराची दोन घरं झाली. जुन्या राउटरच्या आतली माणसं बाहेर पडू शकतात, बाहेरच्यांना आत बघता येत नाही. राउटरचं कामच ते.

पत्त्यांच्या डावात वाटणारा एकच असतो ना, तसंच इथेही पत्ते वाटणारा एकच पाहिजे. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला (नवा डबा जे पत्ते वाटतो त्यात हा नाही ना, ते बघून घे), मग त्याचं डीएचसीपी बंद केलं, म्हणजे पत्ते वाटायचं काम त्याच्याकडून काढून घेतलं, आणि शेवटी ती वायर रंगीत भोकातून काढून शेजारच्या साध्या चार भोकांपैकी एकात घातली. क्रम चुकवू नको. मी पहिल्या दिवशी वायर आधी हलवली आणि घरभर इंटरनेट गेलं. ही वर जीएसटी भरत होती. पुढचं लिहीत नाही.

यानंतर आप्पांच्या मशीनला १९२.१६८.१.२० मिळाला. पण विंडोज आपल्या जागी शहाणं, त्याला वाटलं हे नवीनच नेटवर्क आहे, आणि त्याने ते 'पब्लिक' धरलं. म्हणजे एसटी स्टँडवर बसल्यासारखं, कोणाला तोंड दाखवायचं नाही. ते 'प्रायव्हेट' केलं, फाईल शेअरिंग चालू केलं. लॅपटॉपवर 'नेटवर्क' उघडलं तर नाव तरी कुठे! पण वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा मारून पत्ता लिहिला आणि एंटर दाबलं तर लगेच दारात. नाव दिसणं आणि दार उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. नाव दिसायला 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' नावाची सर्व्हिस चालू लागते, ती बंद होती. चालू केली. पण खरं सांगू का, नाव दिसलं नाही तरी अडत नाही. नव्या डब्याच्या सेटिंगमध्ये आप्पांच्या मशीनसाठी तो पत्ता राखून ठेवला आणि लॅपटॉपवर फोल्डरला 'झेड' ड्राइव्ह करून दिलं. आता लाईट जाऊन आली तरी पत्ता तोच.

दारात पोचलो, तर दार म्हणालं, नाव आणि पासवर्ड सांग.

हिने आपला पिन दिला. नाही. परत दिला. नाही. अगं, तो पिन तुझ्या लॅपटॉपपुरता, त्या मशीनच्या बाहेर त्याला कोणी ओळखत नाही. आणि पासवर्ड लागतो तो ज्याच्या घरी जायचं त्याचा, म्हणजे आप्पांच्या खात्याचा. आता आप्पांच्या खात्याला पासवर्डच नाही. बटण दाबलं की थेट मोर उघडतो. मला वाटलं, बरंच आहे, पासवर्डची जागा रिकामी सोडू. चालत नाही! विंडोजचा नियमच आहे, बिनपासवर्डाच्या खात्याने मशीनसमोर बसून काम करता येतं, नेटवर्कवरून आत येता येत नाही. या एका नियमावर माझे तीन दिवस गेले, कारण चूक म्हणून जे येतं त्यात हे सरळ लिहिलेलं नसतं.

आप्पांना म्हटलं, पासवर्ड लावू या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "घरात कशाला पायजे कुलूप? चाळीस वर्षं कारखान्याच्या ऑफिसला कडीच लावली मी, कुलूप नाही." मी म्हटलं, तो काळ वेगळा. ते म्हणाले, "मोर तर तोच हाय."

आता यावर काय बोलणार? 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करायचा एक रस्ता असतो, पण मला तो नको होता. घरी पाहुणे आले की आधी वायफायचा पासवर्ड मागतात, त्यांच्या पोरांच्या हातात आप्पांच्या तीस वर्षांच्या डिझाईन्स द्यायच्या? शिवाय नव्या विंडोज ११ प्रोमध्ये असं पाहुणा म्हणून आत जाणं मुळातच बंद असतं. म्हणून मधला मार्ग काढला. आप्पांच्या मशीनवर एक वेगळं साधं खातं केलं, नाव 'घरचा', त्याला पासवर्ड दिला, आणि फोल्डर फक्त त्या खात्यासाठी शेअर केला. लॅपटॉपवर तेच नाव, तोच पासवर्ड एकदा टाकून 'लक्षात ठेव'वर टिक केली. आप्पांचं खातं होतं तसंच, बिनकुलपाचं.

फक्त एक झालं. खातं एकच असताना मशीन न विचारता उघडायचं, आता सुरुवातीला दोन नावं दिसायला लागली. सकाळी सात वाजता खालून हाक. "अरे, हा 'घरचा' कोण? आपण सगळे घरचेच की!"

त्यावर आणखी एक अडचण निघाली, पण ती लवकर सुटली. हिला फायली दिसायच्या, उघडायच्या, सेव्ह व्हायच्या नाहीत. फोल्डरला परवानगीच्या दोन चौक्या असतात. एक 'शेअरिंग'ची, एक 'सिक्युरिटी'ची, आणि जी जास्त कडक तिचं चालतं. मी पहिलीवर लिहायची मुभा दिली होती, दुसरीवर विसरलो होतो. आता चालू ऑर्डरींच्या फोल्डरवर हिला सगळं करता येतं, जुन्या डिझाईन्सच्या फोल्डरवर नुसतं बघता येतं. हे आप्पांना फार आवडलं. "सुनबाईनं बघावं, हात लावू नये," असं तिच्यासमोरच म्हणाले आणि त्या दिवशी भाकरी जरा जास्तच कडक मिळाली.

बारीकसारीक राहिलं ते सांगतो. आप्पा दुपारी झोपले की त्यांचं मशीनही झोपायचं आणि वर झेड ड्राइव्हवर लाल फुली. झोपेची वेळ 'नेव्हर' केली, मशीनची. खालची वायर जुनी, आठ तारांपैकी दोन-चार उंदराने खाल्लेल्या, त्यामुळे वेग सेकंदाला अकरा एमबीच्या वर जाईना. चार तारांवर शंभर एमबीपीएसचंच नेटवर्क चालतं, गिगाबिटला आठही लागतात. डिझाईनच्या फायलींना तेवढं पुरतं, म्हणून बदलली नाही. तुझ्या सासऱ्यांना लग्नाचे व्हिडिओ टाकायचे असतील तर मात्र नवी वायर घे. आणि त्यांचं मशीन विंडोज १०चं असेल तर त्याचे नेहमीचे अपडेट गेल्या ऑक्टोबरात थांबलेत, तेवढं बघून घे. आप्पांचंही बदलायचंय, पण ते डिझाईनचं सॉफ्टवेअर नव्यावर चालेल का, हा वेगळाच गुंता आहे. तोवर महिन्यातून एकदा सगळं एका बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतो आणि ती काढून कपाटात ठेवतो.

नऊ आंधळ्या चादरींचं विचारशील. गिऱ्हाईकाला नव्या नऊ दिल्या. आंधळ्या नवातल्या दोन तुझ्यासाठी ठेवल्यात, थंडी संपायच्या आत येऊन घेऊन जा. येताना आठ तारांची वीस मीटर वायर आण, इथे मिळते, पण तुझा दंड म्हणून तूच आण.

आणि हो, आप्पांना आता त्या फोल्डरची गोडी लागलीय. जिना चढवत नाही आणि फोनवर बोलायचा कंटाळा, म्हणून ते चालू ऑर्डरींच्या फोल्डरमध्ये नवीन रिकामा फोल्डर करतात आणि त्याला निरोपाचं नाव देतात. काल नळाला चार दिवसांनी पाणी यायचं होतं. मी बाहेर, ही वर चपात्या करत होती. संध्याकाळी तिने लॅपटॉप उघडला तर मोराच्या फायलींच्या वर एक फोल्डर. नाव, 'पाणी आलंय मोटर लाव'. वेळ, दुपारी दोन दहा.

आज अंघोळीला बादली मोजून मिळाली.

तुझाच,
पम्या