‘इतरांनी योग्य साथ दिली’ हे वाक्य आता बंद करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पुरवणीत तुम्ही इंग्रजी नटांवर पानभर मजकूर दिला, चांगला होता, पण सगळे तेच ते. पोस्टरवर एकटे उभे राहणारे, बाँड झालेले, सर झालेले. मी आपला शेवटच्या ओळीपर्यंत पीट पॉसलथ्वेटचं नाव शोधून राहिलो, पण ते काही आलंच नाही. म्हणून हे पत्र. आणखी एक तक्रार आहे, ती आपल्या नागपूरच्या नाटकांबद्दलची, ती पुढे येईलच.

नाव ऐकून निम्मे लोक म्हणतील, कोण बा हा? पण फोटो दाखवा, लगेच म्हणतील अरे हा तर ज्युरासिक पार्कच्या दुसऱ्या भागातला टकला शिकारी. गालाची हाडं वर आलेली, नाक हे एवढं, डोळे खोल गेलेले, असा चेहरा घेऊन कोणी हिरो होत नसतो आणि त्याला व्हायचंही नव्हतं बहुतेक. १९९७ चा तो पिक्चर आपल्याकडे हिंदीत पण आला होता आणि तिथे त्याचा आवाजच गेला, म्हणजे अर्धा नट गेला, कारण या माणसाचा आवाज असा की साधं ‘या, बसा’ म्हटलं तरी समोरच्यानं उभंच राहावं. त्या पिक्चरनंतर त्याचा दिग्दर्शक स्पीलबर्गनं याला जगातला सगळ्यात चांगला नट म्हटलं, तर हा म्हणतो, स्पीलबर्ग असं म्हणाला असेल की पीटला वाटतं आपणच जगातले सगळ्यात चांगले नट आहोत! आपल्याकडे कोणाला असं सर्टिफिकेट मिळालं असतं तर फ्लेक्स लागले असते चौकाचौकात.

आता याचं करिअर कसं झालं ते जरा पाहा, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. जन्म १९४६ चा, वॉरिंग्टनचा. हे गाव लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधात आहे. घर कामगाराचं, कॅथलिक. आधी पाद्री व्हायचा विचार होता, मग मास्तर झाला, मँचेस्टरला पोरींना नाटक शिकवत होता, आणि मग ते सोडून ब्रिस्टल ओल्ड विकच्या नाट्यशाळेत गेला. तिथून निघाला तर एजंट म्हणाले आडनाव बदल, एवढं लांब आडनाव थिएटरबाहेर दिव्यांत लावायचं तर विजेचं बिल परवडणार नाही. त्यानं नाही बदललं. मला हे फार आवडलं, आपल्याकडे लोक न्यूमरॉलॉजी पाहून एक अक्षर जास्तीचं घालतात नावात, असो.

सत्तरच्या दशकात तो लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात होता. सोबत कोण तर बिल नाय, जोनाथन प्राइस, ज्युली वॉल्टर्स, अँटनी शेर. तेव्हा यांतलं कोणीच कोणी नव्हतं. हे लोक व्हॅनमध्ये बसायचे आणि लिव्हरपूलच्या पबमध्ये जाऊन नाटक करायचे, म्हणजे समोरचा माणूस ग्लास घेऊन बसला आहे, त्याला तुमच्या नाटकाशी काही घेणंदेणं नाही, आणि तुम्ही त्याची मान तुमच्याकडे वळवायची. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ज्यानं काम केलं त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरीकडे रात्रभर मंडपात थंडीत कुडकुडत बसलेल्या लोकांसमोर जो उभा राहिला त्याला रिकाम्या हावभावांनी चालत नाही, पब्लिक सरळ उठून चहाला जाते. नंतर पीट रॉयल शेक्सपियर कंपनीत गेला, तिथेही काही वर्षं काढली. म्हणजे कॅमेऱ्यानं त्याला नीट पकडेपर्यंत स्टेजवर दीड-एक दशक होऊन गेलं होतं.

पडद्यावर तो खरा दिसला १९८८ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. टेरेन्स डेव्हिसचा ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज’, लिव्हरपूलच्या एका घरातला मारकुटा बाप. त्यात ख्रिसमसचा एक प्रसंग आहे, रात्री पोरं झोपलेली असताना हा त्यांच्या पलंगाशी भेटीचा मोजा ठेवतो आणि इतक्या मायेनं आशीर्वाद पुटपुटतो की वाटते हाच का तो बाप. लगेच पुढे जेवणाचं टेबल, पोरं गप बसलेली, हा टेबलक्लॉथ असा ओढतो की सगळं जेवण खाली आणि बायकोवर ओरडतो की हे साफ कर. मधे काही नाही, कारण नाही, पार्श्वसंगीत नाही. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. दोन्ही खरे वाटतात, माया पण आणि तो राक्षस पण. आता पाच वर्षांनी, १९९३ चा ‘इन द नेम ऑफ द फादर’ पाहा, पुन्हा बापच. पण हा ज्युसेपी कॉनलन, बेलफास्टचा आजारी, मवाळ माणूस, पोराला सोडवायला लंडनला येतो आणि बॉम्बस्फोटाच्या केसमध्ये स्वतःच आत जातो. ही खरी घटना, तो खरा ज्युसेपी १९८० मध्ये कैदेतच वारला, निर्दोष असून. पोराचं काम डॅनियल डे-लुईसनं केलं, तोही ब्रिस्टलच्या त्याच नाट्यशाळेतला. डे-लुईस आदळआपट करते तितका हा शांत होत जाते, आणि तुमचं लक्ष हळूहळू याच्याकडेच जाते. त्यासाठी त्याला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं, मिळालं काही नाही, ते टॉमी ली जोन्स घेऊन गेला. पण एकाच माणसानं हे दोन बाप केले हे सांगितल्याशिवाय कळत नाही कोणाला, मी घरच्यांवर प्रयोग करून पाहिला आहे.

पुढचं भराभर सांगतो. ‘द यूजुअल सस्पेक्ट्स’मधला वकील कोबायाशी, नाव जपानी, चेहरा इंग्रज आणि बोलण्याचा हेल कुठला ते देवालाच माहीत. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधला पाद्री. टीव्हीवर ‘शार्प’मधला हलकट हेक्सविल, ज्याला पाहून हात शिवशिवतात. शेवटी शेवटी ‘इन्सेप्शन’मधला मरणाला टेकलेला म्हातारा उद्योगपती, दोनच मिनिटांचं काम, पण सगळी स्टोरी त्या बापाच्या एका शब्दावर उभी आहे.

पण माझ्यासाठी त्याचा पिक्चर म्हणजे १९९६ चा ‘ब्रास्ड ऑफ’. यॉर्कशरची कोळसा खाण, सरकार ती बंद करून राहिलं, आणि त्या खाणीच्या कामगारांचा एक ब्रास बँड. पीट त्या बँडचा मास्तर, डॅनी. छातीत कोळसा भरलेला, खोकून खोकून दवाखान्यात पडलेला. एका रात्री सगळे कामगार डोक्याच्या टोपीवरचे खाणीतले दिवे लावून दवाखान्याबाहेर उभे राहतात आणि त्याच्यासाठी वाजवतात, आणि हा पलंगावर नुसता ऐकतो. एकही संवाद नाही. नंतर अल्बर्ट हॉलमध्ये बँड जिंकतो तेव्हा हा बक्षीस नाही म्हणतो, म्हणतो मला वाटायचं संगीतच सगळं आहे, पण माणसांपुढे ते काहीच नाही. तिकडचं ग्राइमथॉर्प गावच्या खाणीचं खरंखुरं बँडपथक या पिक्चरमध्ये वाजलं आहे. हा पिक्चर नागपुरात दाखवा न कोणीतरी, सावनेर, सिल्लेवाडा, उमरेडच्या खाणीत ज्यांचे बाप-काका गेले त्यांना सबटायटल पण लागणार नाहीत. वेस्टर्न कोलफिल्डचं हेडऑफिस आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आणि कोळशावर बनलेला असा पिक्चर आपल्याला माहीत नाही, हे जरा अजबच आहे.

आणि योगायोग पाहा, याच माणसानं पुढे कोळशाच्याच विरोधात तोंड उघडलं. २००४ मध्ये त्याला ओबीई, म्हणजे तिकडचा सरकारी सन्मान, मिळालं होतं. २००९ मध्ये ‘द एज ऑफ स्टुपिड’ नावाचा हवामानावरचा पिक्चर आला, त्यात हा २०५५ सालचा एकटा उरलेला म्हातारा, जुन्या क्लिपा पाहत विचारतो की तेव्हा जमत होतं तर तुम्ही केलं का नाही. त्या पिक्चरच्या प्रीमियरला त्यानं मंत्री एड मिलिबँड यांना तोंडावर सांगितलं की केंटमधल्या किंग्जनॉर्थला नवीन कोळसा वीज केंद्राला परवानगी दिली तर माझं ओबीई परत घ्या. तो प्रकल्प कंपनीनं आधी पुढे ढकलला आणि मग सोडूनच दिला, अर्थात एकट्या याच्यामुळे नाही, विरोध करणारे पुष्कळ होते. इकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख आपल्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते, २०२३ मध्ये कोराडीला ६६० मेगावॅटच्या आणखी दोन युनिटची जनसुनावणी झाली, तेव्हा आपले किती कलावंत बोलले? पुरस्कारवाले तर जाऊच द्या. निळू फुले असते तर बोलले असते असं मला राहून राहून वाटते, तो माणूस पण असाच होता, पडद्यावर बाया शिव्या द्यायच्या आणि खाली उतरला की अंधश्रद्धेच्या विरोधात गावोगाव फिरायचा.

आता नागपूरची तक्रार. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सुरू झाली की तुमच्याकडे रोज एका नाटकाची बातमी येते. लेखक, दिग्दर्शक, मुख्य दोन पात्रं, आणि मग ते ठरलेलं वाक्य, ‘इतर कलावंतांनी योग्य साथ दिली.’ सायंटिफिक सभागृहात मी स्वतः हवालदार, मामा, पोस्टमन, मयताला आलेला शेजारी असं सगळं केलं आहे, आणि त्या ‘इतर’मध्येच राहिलो. माझं जाऊ द्या, माझी काही तेवढी लायकी नव्हती. पण एका वर्षी एका बाईनं सासूचं काम केलं होतं, तीन प्रवेश फक्त, शेवटच्या प्रवेशात ती नुसती तांदूळ निवडत बसली होती आणि सुनेकडे एकदाही पाहत नव्हती, अख्खं सभागृह तिच्या हाताकडे पाहत होतं. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर नायकाचा फोटो तीन कॉलम आणि ती बाई ‘इतर’. ती पुढे काम करायची थांबली, नोकरी-घर यातच गेली. पेपरमुळे थांबली असं म्हणत नाही, पण नाव छापून आलं असतं तर पुढच्या वर्षी कोणी दिग्दर्शक शोधत तर आला असता न तिला.

२००८ मध्ये पीट हॉलिवूड वगैरे सगळं करून पुन्हा त्याच एव्हरीमन थिएटरात गेला आणि शेक्सपियरचा किंग लिअर केला, लिव्हरपूल त्या वर्षी युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. बासष्ट वर्षांचा होता. २ जानेवारी २०११ ला कॅन्सरनं गेला आणि ‘द टाउन’ पिक्चरमधल्या गुंड फुलवाल्याच्या कामासाठी बाफ्टाचं, म्हणजे तिकडच्या ब्रिटिश फिल्म पुरस्काराचं, नामांकन त्याच्या मागून आलं. लिअरच्या वेळी त्याच्यासाठी तिकीट काढणारं शहर होतं, कारण ते शहर त्याला नावानं ओळखत होतं.

तेव्हा मागणी एवढीच की यंदाच्या फेरीत रोजच्या बातमीखाली सगळ्या पात्रांची नावं छापा, बारीक टाइपात छापा, चालेल. आणि महिन्यातून एकदा पुरवणीचा कोपरा अशा एका नटाला द्या, इकडचा नाहीतर तिकडचा. लिहायला कोणी नसेल तर मी आहे, मानधन नको.

आपला,
एक जुना वाचक आणि ‘इतर कलावंत’
मानेवाडा रोड, नागपूर

ता. क. पत्र लांब झालं आहे हे मला दिसतं. कापायचं असेल तर स्पीलबर्गचं कापा, कोळशाचं आणि तांदूळवाल्या बाईचं ठेवा.