माकडतापाचा नकाशा मेलेल्या माकडांपासून सुरू करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला माकडतापाचा नकाशा पाहून चीड आली. लाल ठिपके सगळे रुग्णांच्या राहत्या गावांवर. पण हा ताप होतो गोचीड चावून, आणि गोचीड घरात बसून चावत नाही. ती चावते काजूच्या बागेत, पातेरा (सुका पाचोळा) गोळा करताना, लाकडं आणताना. ताप चढायला तीन ते आठ दिवस जातात, तोवर माणूस चार ठिकाणी फिरलेला असतो. उपचाराला गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात गेलेल्याचा ठिपका मग कुठे द्यायचा?

नकाशा हवा तो मेलेल्या माकडांचा. वानर किंवा लालतोंडं माकड या तापाने मेलं की अंगावरच्या गोचिड्या उतरून पाचोळ्यात पसरतात. म्हणून मढं दिसताच त्या जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर टिपायचे, भोवती 50 मीटरपर्यंत 5 टक्के मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारायची आणि तिकडची वहिवाट बंद करायची. मेलेल्या माकडाच्या अवयवांचे नमुने बर्फातून त्याच दिवशी तपासणीला निघायला हवेत. शनिवारी कळवलं आणि माणसं सोमवारी आली, तर उन्हात मढं कुजलेलं असतं. कुजलेल्या नमुन्यात विषाणू सापडत नाही, अहवालात ‘निगेटिव्ह’ लागतं आणि सगळ्यात धोक्याची जागा नकाशावर कोरी राहते! अशा वेळी निदान गोचिड्या तरी तपासा. पांढरं फ्लॅनेल काठीला बांधून पाचोळ्यावरून ओढायचं, चिकटलेल्या गोचिड्या चिमट्याने उचलून जातवार नळ्यांत भरायच्या. दव सुकल्यावरच जायचं, ओल्या कापडाला त्या नीट चिकटत नाहीत. डिसेंबर ते मे हे काम थांबता कामा नये, कारण माणसाला चावणारी बारीक पिल्लं तेव्हाच असतात.

तुमचा नकाशा राज्याच्या हद्दीशी संपतो, हेही चूक. 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा रोग 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये महाराष्ट्रात आमच्या दोडामार्गात दिसला. जंगल सलग आहे. जुनी लस पुरेसा परिणाम करत नाही म्हणून बंद झाली, तेव्हा आता वेळेवर मिळालेली सूचना हाच आधार.

आणखी एक. फोटोखाली ‘माकड चावल्याने होणारा ताप’ असं छापलंय. हा ताप गोचीड चावून होतो. असलं वाचून लोक माकडांना मारत सुटले, तर मढ्याजवळ जाणारेच आधी आजारी पडतील. उद्याच्या अंकात दुरुस्ती छापा, तीही पहिल्या पानावर.

आपला,
एक वाचक, दोडामार्ग