अपडेटला दोष देऊन अपडेट बंद करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टी लागायच्या तोंडावर आपल्या अंकात एका पालकांचं पत्र आलं होतं. मुलाने गेम अपडेट केला आणि घरच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, म्हणून त्यांनी सगळे गेम काढून टाकले, विंडोजचे अपडेटही कायमचे बंद केले, आणि इतर पालकांनीही तसंच करावं असं सुचवलं. त्यांना झालेला त्रास खरा आहे, पण उपाय वाचून माझा जीव खालीवर झाला. मी बार्शीत २००४ पासून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. "ताई, स्लो झालाय, एकदा फॉरमॅट मारून द्या" हे वाक्य मी रोज ऐकते. अपडेट बंद केलेले घरगुती पीसी पुढे कोणत्या अवस्थेत टेबलावर येतात ते मी पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

२०२१च्या मे महिन्यातली गोष्ट सांगते. लॉकडाऊन होता, दुकानाचं शटर अर्धंच उघडं असायचं. एक बाई सीपीयू जुन्या टॉवेलात गुंडाळून, स्कूटीवर पायाशी ठेवून घेऊन आल्या. सोबत आठवीतला मुलगा होता, तो बाहेरच उभा राहिला. पीसी सेकंडहँड होता, ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला. बाई म्हणाल्या, "विंडोजचा अपडेट आला आणि सगळं गेलं."

पीसी चालू केला. विंडोज व्यवस्थित चालत होतं, पण फोटो, व्हिडिओ, शाळेच्या पीडीएफ अशा प्रत्येक फाइलच्या नावाला शेवटी चार अक्षरांचं एक अनोळखी शेपूट लागलं होतं आणि एकही फाइल उघडत नव्हती. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत लिहिलेली एक छोटी फाइल ठेवलेली: कुलूप उघडायचे ९८० डॉलर, आणि ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे, ४९० डॉलर. हा 'स्टॉप' किंवा 'डेजावू' नावाने ओळखला जाणारा खंडणीखोर व्हायरस. फुकट सॉफ्टवेअर आणि क्रॅक (विकतचं सॉफ्टवेअर पैसे न भरता चालवायची चोरवाट) शोधणाऱ्यांच्या घरातच तो मुख्यतः शिरायचा.

मुलाला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि काय काय केलंस ते क्रमाने सांग म्हटलं. 'क्रिकेट ०७' हा गेम आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी खेळलेला आहे. मूळ गेम २००६चा. कंपनीने त्यानंतर या मालिकेत नवा गेम काढला नाही, पण हौशी मंडळी दरवर्षी नव्या जर्सी आणि नवे खेळाडू घालून त्याचे आयपीएल पॅच बनवतात. त्या वर्षी कोविडमुळे आयपीएल ४ मेला मध्येच थांबली. या मुलाला उरलेल्या मॅचेस घरी खेळायच्या होत्या. आता यात त्या पोराचं काय चुकलं? त्याने पॅच शोधला, पहिल्या दिसलेल्या साइटवरून झिप फाइल उतरवली. झिपला पासवर्ड होता १२३४. आतल्या चिठ्ठीत लिहिलं होतं की टाकण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच अडवतो. त्याने बंद केला.

मग पडद्यावर विंडोज अपडेटची खिडकी आली आणि टक्के वाढू लागले. अपडेट चालू असताना कॉम्प्युटर बंद करायचा नाही, हे त्याला शिकवलेलं होतं. तो हात न लावता समोर बसून राहिला. ती खिडकी खोटी होती. या व्हायरसची ही जुनी चाल आहे: पुढे अपडेटचं चित्र लावायचं आणि मागे एकेक फाइल कुलूपबंद करत जायचं.

घरच्यांनी मात्र शेवटी पाहिलेली गोष्ट 'अपडेट' होती, त्यामुळे दोषही अपडेटवरच गेला. आपल्या पत्रलेखकांच्या घरी नेमकं काय घडलं मला माहीत नाही. पण "गेम अपडेट केला आणि व्हायरस आला" असं सांगत जे पीसी माझ्याकडे येतात, त्यांत शोधायला गेलं की बहुतेक वेळा असाच पासवर्डवाला झिप सापडतो. पासवर्ड असल्यावर अँटिव्हायरसला आत डोकावता येत नाही, तो त्यासाठीच लावलेला असतो. पॅच बनवणारी सगळी मुलं वाईट नसतात, कितीतरी जण निव्वळ प्रेमाने बनवतात. पण त्यांचं काम उचलून त्यात विष कालवून वाटणारेही आहेत. म्हणून माझा एकच साधा नियम आहे: जी फाइल अँटिव्हायरस बंद करायला सांगते, ती उघडायची नाही. मित्राने दिली असली तरी नाही.

त्या बाईंच्या डी ड्राइव्हमध्ये सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो आणि व्हिडिओ होते. सासूबाई एप्रिलमध्ये कोविडने गेल्या होत्या. "डी ला काही होत नाही असं म्हणतात ना?" असं त्यांनी मला विचारलं. हा समज आम्ही दुकानदारांनीच पसरवला आहे. फॉरमॅट मारताना आम्ही फक्त सी पुसतो, डी तसाच ठेवतो, म्हणून लोकांना वाटतं डी म्हणजे तिजोरी. व्हायरसला सी आणि डी सारखेच. उलट डी ड्राइव्हवरच्या फाइली बदलायची मुभा साधारणपणे पीसीवरच्या प्रत्येक खात्याला असते, त्यामुळे तो जास्तच उघडा.

हा व्हायरस घाईचा असतो, प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण दीडशे केबी भागच कुलूपबंद करतो. व्हिडिओ मोठा असेल तर पुढचा भाग शाबूत राहतो. त्याच कॅमेऱ्याचा एक धड व्हिडिओ त्यांच्या जावेच्या मोबाइलवर मिळाला. त्याच्या आधाराने दोन रात्री बसून ओवाळण्याचा एक तुकडा मी जोडून काढला. त्यात सासूबाई कुणाला तरी "पाट सरकवा" म्हणतात. बाईंनी ते तीनदा ऐकलं. फोटो मात्र बहुतेक सगळे गेले. पैसे भरू नका असं मी सांगितलं आणि त्यांनीही भरले नाहीत. दुसरं लगेच सांगितलं ते पासवर्डचं. हा व्हायरस बऱ्याचदा ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारा एक जोडीदार आणतो. म्हणून पीसीवरून नाही, स्वच्छ मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदलायचे आणि प्रत्येक खात्यातून 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' करायचं. नुसता फॉरमॅट मारून चोरलेले पासवर्ड परत येत नाहीत.

आता अपडेट बंद करण्याबद्दल. ही सवय लोकांना कुठून लागली ते मला पक्कं माहीत आहे, कारण ती लावणाऱ्यांत मी होते. माझं दुकान सुरू झालं त्या काळात ब्रॉडबँडच्या स्वस्त प्लॅनमध्ये महिन्याला काहीशे एमबी मिळायचे. विंडोजचा अपडेट सुरू झाला की नेट संपायचं आणि गिऱ्हाईक भांडायला यायचं. म्हणून विंडोज टाकलं की अपडेट बंद करूनच पीसी द्यायचा, अशी पद्धत पडली. त्यात बिनलायसन्सचं विंडोज असेल तर अपडेटने ॲक्टिव्हेटर, म्हणजे ते लायसन्सशिवाय चालवणारा प्रोग्राम, निकामी होईल ही भीती. आणि तो ॲक्टिव्हेटर चालवायलाही अँटिव्हायरस बंद करावा लागतो! म्हणजे मुलाला आज जे करू नको म्हणतो, ते त्याच्या पीसीवर पहिल्या दिवशी आम्हीच केलेलं असतं.

माझे डोळे उघडले ते मे २०१७ मध्ये. १२ मेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. त्याला कुणी क्लिक करायची गरज नव्हती, नेटवर्कवरून तो स्वतःच एका मशीनमधून दुसऱ्यात उडी मारायचा. ज्या भोकातून तो शिरत होता, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. दोन महिने आधी. ज्यांचे अपडेट चालू होते, त्यांच्या मशीनमध्ये त्याला त्या वाटेने शिरता आलं नाही. त्या सोमवारी मी जुन्या पावत्यांची वही काढून, ज्यांचे अपडेट मी बंद करून दिले होते त्या प्रत्येकाला फोन केले. काहींनी नंबर बदलले होते. ती माणसं आजही मनात आहेत. त्या दिवसापासून माझ्या दुकानातून अपडेट बंद केलेला एकही पीसी बाहेर गेलेला नाही.

गेमच्या अपडेटचंही तेच आहे. पालकांना वाटतं अपडेट म्हणजे नवे कपडे, नव्या बंदुका, मुलाचे लाड. ते असतंच, पण त्यात डागडुजीही असते. डिसेंबर २०२१ मध्ये माइनक्राफ्ट या गेमच्या 'जावा' आवृत्तीत वापरलेल्या लॉगफोरजे नावाच्या भागात इतकं मोठं भोक सापडलं, की कुणी चॅटमध्ये एक ठराविक ओळ टाकली तर सर्व्हर आणि खेळणाऱ्यांचे पीसी त्याच्या ताब्यात जाऊ शकत होते. १० डिसेंबरला दुरुस्ती आली. अधिकृत लाँचरमधून (गेम उघडणारा आणि त्याचे अपडेट उतरवणारा प्रोग्राम) खेळणाऱ्यांनी गेम आणि लाँचर बंद करून पुन्हा उघडला की ती आपोआप उतरत होती. दुसऱ्यांनी बनवलेल्या लाँचरवर खेळणाऱ्यांना ती तशी मिळेलच याची हमी नव्हती. म्हणून गेमचा अपडेट गेमच्या स्वतःच्या लाँचरमधून किंवा ज्या स्टोअरमधून गेम घेतला तिथूनच घ्यायचा. गूगलवर 'अमुक गेम लेटेस्ट अपडेट' असं शोधायला जायचंच नाही. पैसे नसतील तर अधिकृतपणे फुकट मिळणारे चांगले गेम भरपूर आहेत. मुलाला ते शोधून द्या.

अधिकृत स्टोअर म्हणजे शंभर टक्के सुरक्षित, असं मात्र मी म्हणणार नाही. २०२५च्या ऑगस्टअखेर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या 'ब्लॉकब्लास्टर्स' या छोट्या गेमच्या अपडेटमधूनच चोरी करणारा प्रोग्राम आला. कॅन्सरच्या उपचारासाठी थेट प्रक्षेपणातून देणग्या गोळा करणाऱ्या एका तरुणाचे ३२ हजार डॉलर त्यात गेले. गेम नंतर काढला गेला. अशा घटना थोड्या असतात, पण असतात. म्हणून अपडेट चालू ठेवूनही घरात दोन गोष्टी हव्यातच. एक, मुलाला पीसीवर वेगळं साधं खातं द्या, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. मुलाच्या खात्यात काही शिरलं तरी तुमच्या खात्यातल्या फोल्डरपर्यंत पोहोचणं त्याला अवघड जातं. दुसरी गोष्ट बॅकअपची. फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की तिची वायर काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्कही पीसीबरोबरच कुलूपबंद होते, हे मी बघितलं आहे. विंडोजमधलाच डिफेंडर हा अँटिव्हायरस घरासाठी पुरेसा आहे, फक्त तो चालू असू द्या.

विंडोज १० वाल्यांसाठी आणखी एक. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे नेहमीचे अपडेट थांबले. घरगुती पीसींना सुरक्षा अपडेटची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते, पण त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं. ते आपोआप होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या किती जणांना हे ठाऊक नसतं!

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. पुण्यात काटकर बंधूंचं काम कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून सुरू झालं आणि नव्वदच्या दशकात तिथूनच क्विक हील हा अँटिव्हायरस उभा राहिला. गिऱ्हाइकाचं मशीन पुन्हा बिघडू नये ही काळजी दुरुस्तीवाल्यानेच घ्यायची असते. निदान पावतीवर लिहून द्या: विंडोज लायसन्सचं आहे की नाही, अपडेट चालू आहेत की नाहीत. गिऱ्हाइकाला ते कळण्याचा हक्क आहे.

आणि संपादकसाहेब, आपल्याला एक विनंती. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा अपडेट देतं. आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. त्याच आठवड्याच्या गुरुवारच्या अंकात, पाणीपुरवठा बंदची सूचना छापता त्या जागी दोन ओळी छापाव्यात: 'विंडोजचे अपडेट आले आहेत. आज घरचा पीसी अर्धा तास चालू ठेवून ते घ्या, मुलांचे गेमही लाँचरमधूनच अपडेट करा.' मजकूर मी दर महिन्याला लिहून पाठवीन. मानधन नको.

आपली,
कॉम्प्युटर दुरुस्ती करणारी एक वाचक, बार्शी
(नाव व पत्ता सोबत वेगळा दिला आहे.)