वडाळ्याच्या तबकड्या ऐकायला लंडनचं तोंड बघायचं का?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

साहेब, 'यंग इंडिया' म्हटलं की सगळ्यांना गांधीजींचं साप्ताहिक आठवतं, पण त्याच नावाचं एक रेकॉर्डचं लेबल पण होतं, आणि ते आपल्या मुंबईचं होतं. १९३५ ला नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने ते सुरू केलं, कारखाना वडाळ्याला. तेव्हा मार्केटमध्ये एचएमव्हीचा दबदबा, त्यांचा कलकत्त्याचा कारखाना १९०८ पासूनचा, मोठमोठे गवई तिकडे. मग यंग इंडियाने काय केलं तर नवख्या आणि हौशी लोकांना माइकसमोर उभं केलं. गाणी, नाटकातले प्रवेश, भाषणं, शाळेत वाजवायचे सेट, सगळं. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, त्यात बसेल तेवढं गायचं आणि उठायचं.

१९५५ ला उत्पादन थांबलं, वीस वर्षांत खेळ खल्लास. ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी लाखेची, हातातून निसटली की तुकडेच. मोठ्या कंपनीचं गाजलेलं गाणं घरोघरी गेलेलं असतं त्यामुळे एखादी कॉपी कुठेतरी सापडतेच, पण हौशी गायकाच्या मोजक्या विकल्या गेलेल्या तबकडीचं तसं नसतं, शेवटची फुटली की तो आवाज कायमचा गेला.

हे जे काही वाचलंय ते संग्राहकांमुळे. सुरेश चांदवणकर आणि सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी यांनी या तबकड्या हुडकून डिजिटाइझ केल्या, पण त्याला पैसा कुणाचा? लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या एन्डेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्रॅमचा, म्हणजे नष्ट व्हायला आलेले संग्रह वाचवायच्या त्यांच्या योजनेचा! त्यांचे आभारच, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि त्यांच्या कितीतरी ऑनलाइन सेवा महिनोन्महिने बंद होत्या. म्हणजे वडाळ्यात छापलेलं गाणं ऐकायला लंडनचा सर्व्हर चालू पाहिजे, जरा लाज वाटायला हवी ना आपल्याला (मलाही वाटते, फक्त तुम्हालाच म्हणत नाहीये).

मूळ घोळ कायद्यात आहे. १९५४ च्या कायद्यानुसार छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठराविक सार्वजनिक ग्रंथालयांत द्यावी लागते, त्यात आपली मुंबई पण आहे. रेकॉर्डला असलं काही नाही. कंपनी बुडाली की माल भंगारात, विचारणारं कोणी नाही. तो कायदा केंद्राचा हे मान्य, पण राज्याचं ध्वनी-संग्रहालय काढायला दिल्लीला विचारावं लागत नाही. कॉपीराइटची सबबही चालायची नाही, ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा असतो, यंग इंडियाचा कधीच संपला.

२०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा भाषणं झाली, पेढे वाटले, छान. आता त्या निमित्ताने थोडा पैसा या कामाला काढा. जुने संग्राहक थकलेत, घरच्यांना त्या खोक्यांचं काय करायचं कळत नाही, तेव्हा समितीचा अहवाल येईपर्यंत थांबू नका, आधी त्या तबकड्या रीतसर विकत घ्या नाहीतर निदान सांभाळायला तरी घ्या.

आणि एक विनंती, 'आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी पाठवले आहे' एवढंच उत्तर पाठवू नका. कोणत्या टेबलावर पाठवलंय ते पण लिहा, मी तिथे येऊन भेटेन.

आपला,
एक रेकॉर्डवेडा मुंबईकर